बिडीचा हात

माह्या नातनीले अंगावरचं दूध सुटलं अन् पोट लागलं. दिवसातून आठ-दहा डाव आंबट, फेसाचे जुलाब. चार वर्साची पोट्टी, पन दोन वर्साची दिसे. गोंदियाचे डॉक्टर जंताचं औषध देऊन थकले.

माहा संशय सुनेवर होता. थे बिड्या वळे. हाताले सदा तमाखूचा वास. तीच तमाखू पोट्टीच्या पोटात जाऊन राहिली, असं मले वाटे. म्या सासूनं तिले साफ सांगतलं, "तू पोट्टीले हात लावू नोको. बिडीचा हात हाये तुहा."

तिनं वाद नाही घातला. म्हून संशय आखीन वाढला.

तवापासून मीच भरवो. जुलाब लागले का आंगनवाडीच्या बाईनं शिकवलं तसं साखर-मिठाचं पानी वाटी-वाटी पाजो. तरी पोट्टी वाळूनच राहिली. सून राखेनं तीनदा हात धुवे अन् दूर बसे. माय लपून चारते का, म्हून मी पोट्टीले इचारो.

शेवटी लेकानं नागपूरले नेलं. तेथच्या डॉक्टरीनबाईनं पोट्टीले उपाशी ठेवलं, साखरेचं पानी पाजलं, अन् अर्ध्या-अर्ध्या तासानं येका पिशवीत फुंकाले लावलं. मले वाटलं, हे आमाले भुलवून राहिली. फुंकल्यानं पोटातलं का कळते?

तिनं सांगतलं, साखर फोडाचा रस इच्या लहान आतडीत जन्मापासूनच कमी हाये. साखर तशीच खाली जाते, सडते, तिचा वायू श्वासात येते. मंग इचारलं, घरी साखर कोन देते?

 सुनेनं माहं नाव नाही घेतलं. म्याच सांगतलं, मी देतो.

थे साखर-मिठाचं पानी बाकीच्या लेकरायले चांगलं, डॉक्टरीनबाई म्हने, इलेच चालत नाही. इले ग्लुकोजचं द्या.

"अन् तमाखू?"

"तमाखूनं हे नाही झालं, आजी."

घरी परतताना गोंदियाले गाडी बदलली. बसल्यावर सून हळूच म्हने, "वर्सभर मले माही पोट्टी मांडीवर नाही घेऊ देल्ली, माय."

म्या पोट्टीले तिच्या मांडीवर ठेवलं. पोट्टी रडे, माह्याकडंच हात करे. सून म्हने, राहू द्या, तुमीच घ्या.

पोट्टीले माहं तोंड दिसू नये म्हून मी उठलो अन् दुसऱ्या बाकावर पाठ करून बसलो. आमचं सौंदड येतवरी मांगं पाह्यलं नाही.