वेल्डिंग, बेअरिंग आणि मांडी

माझ्या कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी झिजली आहे, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधी आमच्या कंपनीतल्या निम्म्या लोकांनी सांगून टाकलं होतं. मी मेन्टेनन्स फिटर. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला आमची कंपनी. आमच्या खात्याची एक पद्धत आहे. बिघडलेली कुठलीही वस्तू समोर आली की आधी सगळ्यांनी तिच्याभोवती उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघायचं, मग मागच्या वेळी ती ज्याने दुरुस्त केली त्याला शिव्या घालायच्या आणि मग पाना हातात घ्यायचा. माझ्या कमरेलाही हीच पद्धत लागू झाली. मागच्या वेळी दुरुस्त करणारा कोणी नव्हता, म्हणून शिव्या मला पडल्या.

“मोटर एकट्याने उचलायला कोणी सांगितलेलं तुला?” आमचा लेथवरचा टर्नर म्हणाला. “चेनपुली काय हार घालायला ठेवलीय?”

दुखणं मोठं विचित्र होतं. चाललो तर बरं वाटायचं, उभा राहिलो तरी चालून जायचं, पण बसलो की पंधराव्या मिनिटाला कमरेत कोणीतरी स्क्रू पिळायला लागायचं. फिटरला बसायचं काम कमीच, त्यामुळे कंपनीत निभत होतं. खरी पंचाईत संध्याकाळी व्हायची.

मी आंबिवलीला राहतो. आमच्या वस्तीत छोटंसं विहार आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाचे तीन महिने, तिथे रोज संध्याकाळी साडेसातला वंदना होते आणि मग ग्रंथवाचन. आधी माझे वडील वाचायचे. ते गेल्यावर वस्तीतल्या मोठ्या माणसांनी ग्रंथ माझ्या हातात दिला, त्याला आता अकरा वर्षं झाली. खाली सतरंजी, पुढे बुटका चौरंग, चौरंगावर ग्रंथ, आणि मी मांडी घालून पाऊण तास. समोर तीस-पस्तीस माणसं, त्यात पुढच्या रांगेत सगळ्या म्हाताऱ्या, आणि त्या रांगेत भिंतीकडच्या टोकाला माझी आई.

माझ्या अंगात वाचक म्हणून थोडा ताठाही आहे, खोटं कशाला बोलू. आवाज वडिलांचाच आहे असं लोक म्हणतात. बसणंही त्यांच्यासारखंच हवं, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. वडील शेवटच्या वर्षीसुद्धा, औषधांच्या पिशव्या घेऊन, खालीच बसले होते. त्यामुळे गेल्या वर्षावासात कमरेने असहकार पुकारला तरी मी मांडी सोडली नाही. पान उलटायच्या निमित्ताने जरा डावीकडे कलायचं, चष्मा पुसायच्या निमित्ताने जरा उजवीकडे.

बसणं जमवलं, पण उठणं जमेना. वाचन संपलं की लोकांसमोर हात टेकून, तोंड वेडंवाकडं करत उठायची मला लाज वाटायची. म्हणून मी ग्रंथ कापडात बांधायला घ्यायचो. बांधायचो, सोडायचो, घडी नीट नाही म्हणून परत बांधायचो. तोवर विहार रिकामं व्हायचं. फक्त आई उरायची. ती डोळे मिटून, हात जोडून तशीच बसलेली असायची. मला तिचं कौतुक वाटायचं, की बघा, ऐकलेलं कसं मनात मुरवत बसते.

“आई, तू हो पुढे,” मी म्हणायचो.

“तू जा रे. मी येते बसून जरा,” ती डोळे न उघडता म्हणायची.

शेवटी मी ग्रंथ ठेवायला कपाटाकडे वळलो, की ती उठून दाराशी गेलेली असायची. तीन महिने हे असं चाललं.

दिवाळीनंतर मी कल्याणच्या डॉक्टरांकडे गेलो. त्याआधी सहा महिने व्यायाम, शेक, पट्टा, गोळ्या, सगळं करून झालं होतं. डॉक्टर साठीच्या पुढचे, मोजकं बोलणारे. त्यांनी एमआरआयची फिल्म दिव्यावर लावली आणि सांगितलं, की ही गादी काढून टाकायची, दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी जोडायचे, काही महिन्यांत हाडं एकमेकांत भरून येतात. तिथली हालचाल बंद, म्हणून तिथलं दुखणं बंद. मात्र वरच्या-खालच्या सांध्यांवर ताण थोडा वाढतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

“मग मला मांडी घालून बसता येईल ना?” मी विचारलं.

“पहिले काही महिने नाही. पुढे बघू. पण खुर्चीत बसायला काय हरकत आहे?”

हा माणूस आपल्याला समजूनच घेत नाही, असं ठरवून मी फाइल काखेत मारून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये फिल्म टेबलावर पसरून सगळ्यांनी पाहिली. एकाने चहाचा कप फिल्मवरच्या माझ्या माकडहाडावर ठेवला. विषय दोन मिनिटांत सगळ्यांना कळला, कारण तो आमच्या रोजच्या कामाचाच होता. जॉइंट खिळखिळा झालाय, तर वेल्डिंग मारून कायमचा बंद करायचा की नवीन बेअरिंग टाकायचं? म्हणजे बेअरिंगचीही सोय निघाली आहे, हे मला तिथेच कळलं. स्टोअरवाल्याच्या मेव्हण्याच्या मानेत कृत्रिम गादी बसवली होती आणि तो म्हणे आता रिक्षा रिव्हर्स घेताना पूर्ण मागे वळून बघतो. वेल्डर अर्थातच वेल्डिंगच्या बाजूने होता. “एकदा मारलं की विषय खल्लास,” तो म्हणाला. इलेक्ट्रिशियन बेअरिंगच्या बाजूने, कारण त्याचं वेल्डरशी कधीच पटत नाही.

टर्नरने कोणाचीच बाजू घेतली नाही. चहा संपवून त्याने फिल्म हातात घेतली आणि मला म्हणाला, “बेअरिंग नवीन टाकशील रे. पण ते ज्यात बसतं ते हाउसिंगच घासलेलं असेल तर? मग नवीन बेअरिंगपण आवाजच करणार ना?”

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मला बेअरिंग हवं होतं. हलणारा सांधा म्हणजे वाकता येणार, वाकता आलं म्हणजे मांडी येणार, असा माझा सरळ हिशेब होता.

ठाण्यात एक डॉक्टर बाई कृत्रिम गादी बसवतात असं कळल्यावर मी रजा टाकून गेलो, बायकोला सोबत घेऊन. बाई तरुण, हसतमुख. त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा मणका माझ्या हातात दिला. दोन चकत्या, मध्ये गुळगुळीत घुमट. मी तो पुढे वाकवला, मागे वाकवला, उगीचच थोडा फिरवलाही. काम सुरेख होतं. आमच्या वर्कशॉपमध्ये कोणी असं फिनिशिंग दिलं असतं तर मी स्वतः त्याला चहा पाजला असता. पोटाच्या बाजूने जाऊन ही बसवायची, हालचाल शाबूत राहते, असं बाई म्हणाल्या. मी मनातल्या मनात सतरंजीवर जाऊन बसलोसुद्धा.

आता तोंडातून कसं निघालं कोण जाणे, पण जाता जाता मी टर्नरचा प्रश्न विचारला. “मॅडम, गादी नवीन टाकली, पण आजूबाजूचंच घासलेलं असेल तर?”

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“आमच्या टर्नरने.”

“बरोबर विचारलंय त्यांनी,” त्या म्हणाल्या. मणक्याच्या मागच्या बाजूला दोन छोटे सांधे असतात, ते चांगले असतील तरच कृत्रिम गादीचा उपयोग. ते नीट बघायला त्यांनी सीटी स्कॅन करायला सांगितला.

आठवड्याने रिपोर्ट घेऊन गेलो. मागचे सांधे झिजलेले होते. पार गेलेले नव्हते, पण झिजलेले होते. बाईंनी स्पष्ट सांगितलं, “तुम्ही फारच आग्रह धरलात तर गादीचा विचार करता येईल. पण ते सांधे हलत राहणार आणि दुखत राहण्याची शक्यता बरीच आहे. तुमच्या केसमध्ये मी मणके जोडायलाच सांगेन.”

म्हणजे हाउसिंग घासलेलं होतं. मला टर्नरचा मनस्वी राग आला.

येताना रिक्षात बायको खुशीत होती. तिच्या मते प्रश्न सुटला होता. मी मात्र घरात शिरता शिरता जाहीर केलं, “मी गादीच बसवणार. आग्रह धरणार.”

“अहो, वेड लागलंय का? दोन डॉक्टर एकच सांगतायत!”

“दुखलं तर दुखू दे. निदान बसता तरी येईल.”

“कुठे बसायचंय एवढं? कुठल्या गादीवर?”

“विहारात! माझ्या समोर ऐंशी-ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या जमिनीवर बसतात. माझी आई बसते. आणि मी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून पाय लोंबकळत बसू? बाबा बसले असते?”

आतल्या खोलीत आई मेथी निवडत होती, पलंगावर, पाय सरळ सोडून. ती पाय सोडून का बसते हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. तिने तिथूनच हाक मारली.

“इकडे ये. तू खाली बसतोस ते आमच्यामुळे?”

“मग काय! तुम्ही सगळ्या खाली, तर मी वर कसा बसणार?”

आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली.

“अरे बाबा, वाचणारा खाली बसलेला असताना ऐकणाऱ्याने वर बसायचं असतं का? तू खाली बसतोस म्हणून आम्ही खाली बसतो! माझे गुडघे तीन वर्षांपूर्वीच गेले. पलीकडच्या मावशीचे तर त्याच्याही आधी. गेल्या साली आम्ही सगळ्या बोललो होतो आपसात, की वाचणाऱ्याला एकदा खुर्ची द्या म्हणजे आपल्याला पण मागता येईल. पण तुला बोलायचं कोणी? तू म्हणजे बापासारखा, ताठ.”

“पण तू तर शेवटपर्यंत बसून राहायचीस. डोळे मिटून.”

“उठताच येत नव्हतं मला! तू त्या कपाटाकडे तोंड केलंस की मी भिंतीला धरून उठायची. आणि तू तरी काय रे, चार-चार वेळा ग्रंथ बांधत बसायचास. मला वाटायचं, केवढी भक्ती पोराची.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसायला लागली आणि तिला ते आवरेना. आईही हसली. मी हसलो, पण मला आतून फार वाईट वाटलं. तीन वर्षं आई माझ्यासमोर चार हातांवर बसून दुखणं गिळत होती, आणि मी, ज्याला मोटरचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते कळतं, त्याला ते कळलं नव्हतं.

ऑपरेशन कल्याणलाच केलं. मणके जोडले. कंपनीत वेल्डरने पेढे वाटले. टर्नर हॉस्पिटलमध्ये भेटायला आला, एक्सरेतले चार स्क्रू मोजले आणि “अलाइनमेंट चांगलं आहे” असं प्रमाणपत्र देऊन गेला. पहिले तीन महिने कंटाळवाणे गेले, पट्टा लावून घरातल्या घरात फेऱ्या मारत. स्क्रू पिळणारा माणूस मात्र हळूहळू काम सोडून निघून गेला. वाकताना आता थोडं कमरेतून कमी आणि खुब्यातून जास्त वाकतो, पण ते मी सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.

आषाढ पौर्णिमेला मी विहारात गेलो. मूर्तीसमोर उभ्यानेच हात जोडले. चौरंगाच्या जागी टेबल होतं आणि त्याच्यामागे खुर्ची. मी बसलो आणि मान वर केली तर पुढच्या रांगेत एका ओळीत प्लास्टिकच्या लाल खुर्च्या, मंडपवाल्याकडून आणलेल्या, आणि त्यांत माझ्या सगळ्या म्हाताऱ्या, पाय सोडून, ऐटीत. एक आजोबा तेवढे हट्टाने सतरंजीवर बसले होते. त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

पाऊण तास वाचलं. चष्मा एकदाही पुसला नाही. वाचन संपलं, शेवटची वंदना झाली, आणि मी ग्रंथाचं कापड हातात घेतलं तेव्हा समोरच्या रांगेतून सगळ्यांत आधी उठली ती माझी आई.

“चल लवकर,” ती दारातून मागे वळून म्हणाली. “किती वेळ लावतोस?”