बकुळाला पाच वर्षं झाली

शनिवारची दुपार. डबा खाऊन झालाय, पंखा गरगरतोय आणि माझ्या स्क्रीनवर लाल रंगाच्या एकतीस ओळी आहेत. मी डोळे मिटतो, दोनच मिनिटं. लाल रंग पापण्यांच्या आतही दिसतो, मग हळूहळू गुलाबी होत जातो.

या एकतीस चाचण्या शालनताई डोर्ले यांनी लिहिलेल्या. आमची वेबसाइट पाच वर्षांखालच्या मुलांच्या लसीकरणाची वेळ नोंदवून देते. कुणी काही बदललं की चाचण्या आपोआप चालतात, एका खोट्या बाळाची नोंदणी करतात आणि सगळं नीट आहे ना ते बघतात. शालनताई आधी मिरजेत नर्स होत्या, पन्नाशीला आल्यावर हे काम शिकल्या आणि मग मला शिकवलं. दीड वर्षापूर्वी आजारपणात गेल्या. गुरुवारपासून त्यांच्या चाचण्या नापास होताहेत. ‘नोंदणीचं बटण सापडत नाही’, एवढंच म्हणतात. मी स्वतः नोंदणी करून बघतो, तर बटण जागच्या जागी!

आवटीसर सकाळी म्हणाले, "पराग, संध्याकाळपर्यंत नाही सुटलं तर काढून टाक. जुन्या झाल्यात त्या."

माझा हात धजत नाही.

"काय सापडत नाही म्हणालास?"

शेजारच्या खुर्चीत शालनताई बसल्यात. मांडीवर भडंगाचा पुडा.

"ताई, तुम्ही तर गेलात ना?"

"गेले म्हणून काय भडंग खाऊ नये?" त्या मूठभर माझ्या हातावर ठेवतात. "काय काय करून बघितलंस ते सांग."

"सर्व्हर बंद करून चालू केला. बुधवारचा बदल मागे घेतला. चाचणीला जास्त वेळ थांबायला लावलं..."

"म्हणजे औषधं सगळी देऊन झाली. पेशंट बघितलास का?"

मी उत्तर द्यायला वळतो, तर आम्ही आरोग्यकेंद्राच्या ओट्यावर उभे आहोत. तान्ही बाळं घेतलेल्या बायांची रांग खिडकीपर्यंत गेलीय. सगळ्यांत पुढे एक मुलगी उभी आहे, दोन वेण्या, गळ्यात पाण्याची बाटली.

"ही कोण?"

"अरे, रोज नाव वाचतोस की तिचं!"

बकुळा. चाचणीतलं खोटं बाळ. आजवर मला ती फक्त तीन अक्षरं वाटायची.

खिडकीआड मीच बसलोय. आणि मीच तिला सांगतो, "पाचच्या आतलीच मुलं. पुढचा नंबर."

शालनताई पोट धरून हसतात. "मी लिहिली तेव्हा तान्ही होती रे ही! पक्की जन्मतारीख टाकून बसले, चूक माझीच. पोर वाढायची ती वाढणारच. गुरुवारी वाढदिवस झाला तिचा."

"म्हणून बटण दिसत नाही?"

"कसं दिसेल? पान बरोबर आहे, चाचणीही खरंच बोलतीय. तुम्हीच ऐकत नव्हता."

आम्ही ओट्यावरून खाली उतरतो ते थेट शाळेच्या मैदानात. बकुळा धूम पळत सुटते.

"तिला आता सोड," ताई म्हणतात. "जन्मतारीख आजच्या तारखेवरून मोज. बाळ कायम सहा महिन्यांचं राहील."

"ताई., तुम्ही दवाखान्यात होता, तेव्हा मी आलो नाही."

"कसा येणार? त्या आठवड्यात नवी साइट सुरू करायची होती. मीच नसते आले." त्या माझा डावा हात घट्ट धरतात, नर्स धरतात तसा. "चल, मला पळायला हवं. पहिला दिवस आहे तिचा. बकुळे, थांब गं!"

पंखा गरगरतोय. मी डोळे चोळतो, चाचणी उघडतो, जन्मतारीख बघतो. गुरुवारी बरोबर पाच वर्षं पूर्ण. एक ओळ बदलतो, पुन्हा चालवतो आणि श्वास रोखून बघत राहतो.

एकतीसच्या एकतीस हिरव्या.

"काय होतं रे?" आवटीसर धावत येतात.

"पोरगी मोठी झाली होती, सर."

त्यांना काही कळत नाही, पण हिरव्या ओळी बघून ते हसतात. मग माझ्या हाताकडे बोट दाखवतात. "आणि हे काय लावून घेतलंस?"

डाव्या करंगळीच्या नखावर जांभळ्या शाईची खूण आहे, पोलिओचा डोस दिलेल्या बाळांना करतात तशी. मी अंगठा फिरवून बघतो.

शाई अजून ओली आहे.