चार बोटांचं अंतर

दवाखान्यातल्या टीव्हीवर सकाळपासून एकच बातमी होती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आखातात हल्ला केला होता. बाकावरच्या दोन पेन्शनरांची त्यावरून चांगलीच जुंपली होती.

"असाच माणूस पाहिजे! आधीचे नुसत्या चर्चा करत बसले."

"बसले तर बसले. तेवढे दिवस बॉम्ब तर पडला नाही ना?"

मला दोघांचंही थोडं थोडं पटत होतं, आणि त्याचाच राग येत होता.

तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या बाई उठल्या आणि टीव्हीवरच्या नकाशाला बोटं लावून मोजू लागल्या. इकडे बॉम्ब पडलेलं ठिकाण, तिकडे त्यांचा मुलगा नोकरीला आहे ते शहर.

"चार बोटं," त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या. "लांब आहे ना हो? त्याचा फोनच लागत नाहीये."

धाक दाखवावा की बोलणी करावीत, हे आम्ही इतक्या लांबून ठरवत होतो की अंतर मोजायची आमच्यावर कधी वेळच आली नव्हती.

टीव्हीवर आता साऱ्या जगाचा नकाशा आला. त्यात अमेरिका होती, आपणही होतो. बाईंनी पुन्हा बोट टेकवलं. त्या एकाच बोटाखाली बॉम्ब पडलेलं ठिकाण आणि मुलाचं शहर, दोन्ही झाकली गेली.