जिभेने ओळखायची अळंबी

पावसानंतर ऊन पडलं की आमच्याकडच्या वारुळांच्या कडेला दोन प्रकारच्या अळंब्या उगवतात, आणि दोन्ही दिसायला सारख्याच. पांढरी टोपी, मधोमध मातकट ठिपका, त्याला जरासं टोक. एक खायची, दुसरी कडू. फरक सांगणारे सांगतात की खायच्या अळंबीचा दांडा खोल जमिनीत गेलेला असतो, तर कडूचा आखूड आणि बुडाशी फुगीर असतो. ऐकायला हे बरं वाटतं. प्रत्यक्षात ओल्या मातीत उपटताना दोन्हींचे दांडे वरच तुटतात आणि टोपलीत सगळ्या सारख्या होऊन बसतात. कडूने आमच्या गावात कुणी दगावल्याचं मी ऐकलेलं नाही, पण एक जरी पातेल्यात पडली तर सगळं कालवण उकिरड्यावर ओतावं लागतं.

म्हणून गावात ती जिभेने ओळखायची रीत पडली. आमचं गाव सोलापूरजवळच्या कुंभारीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. टोपीचा कणभर तुकडा मोडायचा, जिभेला लावायचा, थांबायचं आणि थुंकायचं. सगळी गोम त्या थांबण्यात आहे. कडूपणा लगेच येत नाही. आधी ती कच्च्या शेंगदाण्यासारखी लागते, माणूस हुरळतो, आणि मग मागून कडू वर येतं. ज्याला धीर नाही त्याने या फंदात पडू नये. मी कधीच पडले नाही. रानात उगवलेलं काहीबाही तोंडात घालणं हा मला शुद्ध आगाऊपणा वाटतो, आणि तसं मी आईला तोंडावर सांगत आले. त्यावर ती म्हणायची, "तू पाकिटातली खा, बाई."

कारण ही परीक्षा करायची ती आईच. श्रावण सरला की गल्लीतल्या बायका आपापल्या टोपल्या घेऊन आमच्या ओट्यावर यायच्या. आई एकेक मोडून जिभेला लावायची, मध्ये चूळ भरायची, चांगली उजवीकडे ठेवायची आणि कडू डावीकडे टाकायची. तिने उजवीकडे ठेवलेली कुणी परत चाखून बघत नसे. तसं करणं म्हणजे तिचा अपमान झाला असता. तिला या कामाचा गर्व होता आणि तो लपवण्याची तिला गरजही वाटत नव्हती. त्या दिवसांत घरोघरून आमच्याकडे वाटीवाटीने कालवण यायचं.

मग त्याच जिभेच्या मागे गाठ आली. जन्मभर मिश्री लावलेली, आता कुणाला बोल लावायचा. किरणांचे उपचार झाले. आई त्यांना शेक म्हणायची. शेकाने गाठ गेली आणि तिच्याबरोबर तोंडातली थुंकी आणि चवही गेली. डॉक्टर म्हणाले, चव बहुतेकांची परत येते, काही महिने लागतात. वर्षभरात आली नाही तर मात्र फार आशा धरू नका. आईने त्यातलं "बहुतेकांची" एवढंच धरून ठेवलं. "त्या बहुतेकांत मी बी असंन की," म्हणाली.

ती जुळे सोलापुरात माझ्याकडे राहायला आली. जेवण तिच्यासाठी एक काम होऊन बसलं होतं. भाकरी कुस्करून, आमटीत भिजवून, घोट घोट पाण्याबरोबर ती खाली ढकलायची. शेजारी पाण्याची बाटली कायम. आंबा दिला तर म्हणायची, ओलं लागतंय. मला तिच्या तोंडाचा नव्हे, त्या आंब्याचा राग यायचा. एकदा जेवताना ती म्हणाली, "आज आमटीत मीठ जास्ती झालंय." मला इतका आनंद झाला की मी बहिणीला फोन लावला. फोन ठेवून जेवायला बसले तेव्हा कळलं की आमटीत मी मीठ घालायलाच विसरले होते.  ताटात मीठ घेतलं आणि जेवले.

वर्ष उलटून गेलं. भाद्रपदात पावसाने दोन दिवस उघडीप दिली तशी आई म्हणाली, "मला गावाला ने. अळंबी जिभंला लावून बगती. कडू कळलं तर समजायचं, जीभ आली. न्हाय कळलं तर मग तू बी इचारायचं न्हाय आन मी बी बोलायचं न्हाय."

मी टाळाटाळ केली. दवाखान्यात जाऊ म्हटलं. आई चप्पल घालून दारात उभी राहिली. शेवटी तिला स्कूटीवर मागे बसवून निघाले.

गावात आमच्या शेजारच्या काकू सोबत आल्या. त्या आईच्या मैत्रीण, लग्न होऊन दोघी एकाच साली गावात आलेल्या. बांधावरच्या जुन्या वारुळापाशी अळंब्या होत्या, बऱ्याच होत्या. टोपली भरून आम्ही ओट्यावर आलो आणि आई पूर्वीसारखी मांडी घालून बसली. तुकडा मोडला, जिभेला लावला, थांबली, थुंकायला थुंकी नव्हती म्हणून चूळ भरली. पहिल्या काही उजवीकडे गेल्या. मग एक हातात धरून ती बराच वेळ थांबली आणि डावीकडे टाकत म्हणाली, "ही कडू."

काकूंनी माझा दंड धरला. "आक्काची जीभ आली की गं," म्हणाल्या. मला रडू आलं. आईने आणखी दोन-तीन डावीकडे टाकल्या, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा जुन्या दिवसांतल्यासारखा दिसत गेला. तेवढा आनंद मला गाठ गेल्याचा रिपोर्ट वाचतानाही झाला नव्हता.

उजवीकडचा ढीग धुऊन काकूंनी चुलीवर कालवण टाकलं. काळं तिखट बेताने, कूट भरपूर. कुणी एक तुकडाही चाखून बघितला नाही. मीही नाही, आणि मी तर जन्मभर या रीतीला नावं ठेवत आले. आईने उजवीकडे ठेवलं म्हणजे ते चांगलं, यापलीकडे आमच्या गल्लीत कुणाचा विचार कधी गेलेलाच नव्हता.

आम्ही तिघी जेवायला बसलो. पहिला घास शेंगदाण्यासारखा लागला. मी हुरळले. मग मागून ते वर आलं, घशापर्यंत, कारल्याला गोड म्हणावं असं कडू. मी काकूंकडे बघितलं. त्यांचा घास तोंडातच होता. त्यांनी तो गिळला आणि म्हणाल्या, "लई झ्याक झालंय, आक्का."

आई जेवत होती. कितीतरी महिन्यांनी ती असं जेवत होती. कुस्करलेली भाकरी कालवणात बुडवून, मान खाली घालून, घाईघाईने. वाटी पुढे केली, मी आणखी वाढलं. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाने आलं असं वाटावं म्हणून पाणी प्यायले.

पण ओट्यावर बसून तिने आयुष्यभर चांगलं-कडू निवडण्याचंच काम केलं होतं. कडू लागलेल्या माणसाचं तोंड कसं होतं हे तिला शिकवावं लागणार नव्हतं. तिने एकदा मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. घास ताटात ठेवला.

"कडू हाय व्हय?"

काकू चुलीतलं लाकूड मागे ओढायला लागल्या.

"सांगा की."

"हो, आई," मी म्हटलं.

"मग त्या टाकल्या त्या कशा कळल्या?" काकूंना राहवलं नाही.

आईने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "त्येवढ्यांचा दांडा आख्खा निघाला हुता, बुडाशी फुगलेला दिसला. मला वाटलं, जिभंला बी लागलं. खरंच वाटलं गं."

ती उठून ओट्यावर गेली. मी मागोमाग गेले. डाव्या ढिगातली एक तिने उचलली, तुकडा न मोडता आख्खीच तोंडात घातली आणि चावत उभी राहिली. समोर रस्त्याकडे बघत होती. थांबली होती, जसं थांबायचं असतं तसं. मी तांब्या पुढे केला आणि म्हटलं, "थुंक आता." तिने गिळली.

"चल," म्हणाली, "उजेड हाय तवर घरी जाऊ."

वाटेत ती काही बोलली नाही. ठरल्याप्रमाणे मीही विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. काकूंचा फोन येतो. गल्लीतल्या बायका आता अळंबी आणतच नाहीत, असं त्यांनी एकदा सांगितलं. मी ते आईला सांगितलेलं नाही.

परवा आमटीत मीठ घालायचं पुन्हा राहून गेलं. आई समोर बसून जेवत होती. मी मिठाची बरणी घ्यायला उठले नाही. ती सगळं जेवली, मीही जेवले, आणि मग तिने दोघींची ताटं उचलून मोरीत नेऊन ठेवली.