शिट्टी वाजवून मागितलेली तबकडी

"आधी आयक, मंग बोल," असं म्हणत चाचा शाईनं काळं झालेलं बोट वर करायचे. ते बोट वर असेपर्यंत छापखान्यात कुणी तोंड उघडायचं नाही. मग तो मालक असो, लग्नपत्रिका छापायला आलेला मुलीचा बाप असो, नाहीतर पत्रकाची घाई घेऊन आलेली मी. कोपऱ्यातल्या स्टुलावर ग्रामोफोनची तबकडी फिरत असायची. कुठल्या दूरदेशीचा माणूस छाती फुटेस्तोवर भोंगा फुंकत असायचा. तो थांबला की बोट खाली यायचं.

"हं, आता बोल. काय आग लावाची हाय आज?"

अमरावतीत इतवारा बाजाराच्या मागच्या बोळात टिनपत्र्याचा तो छापखाना होता. चाचा तिथं खिळे जुळवायचे. म्हणजे शिशाची एकेक उलटी अक्षरं खणांतून उचलून त्यांच्या ओळी लावायच्या. माझे बाबा चळवळीतले. त्यांची सगळी पत्रकं चाचांच्या हातून गेली. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. बाबा गेल्यावर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी प्रत्येक वाक्यापुढं तीन-तीन उद्गारचिन्हं देऊ लागले. चाचा त्यातली दोन गुपचूप काढून टाकायचे.

मी भांडले, तर म्हणाले, "प्रेसमधी एवढे उद्गार नाई, बेटा. लग्नाचा हंगाम हाय. त्याइलेबी लागतात."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द जुळवतात, स्वतःचा एकही छापत नाहीत. चाचांनी मात्र छापला होता, आणि तो कुठं, ते सांगते.

बडनेऱ्याच्या रेल्वे वसाहतीतलं एक ख्रिस्ती गार्डाचं कुटुंब पूर्वी कधीतरी गाव सोडून गेलं. त्यांची एक पेटी रद्दीवाल्याकडे आली. चाचा मशीन पुसायला जुनी कापडं आणायला तिथं गेले होते. कापडांच्या खाली तबकड्या निघाल्या. तरुणपणी ते त्या घरी घेऊन आले, आणि तिथून हे वेड लागलं. त्या संगीताला जॅझ म्हणतात हे त्यांना पुष्कळ वर्षांनी नागपूरच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, "असन." आणि पुढंही भोंग्याचं गाणंच म्हणत राहिले.

सुटीच्या दिवशी ते येष्टीनं अचलपूरला जायचे, कधी अकोल्याला. भंगाराच्या दुकानांत गुडघ्यावर बसून ढीग उपसायचे. तबकडी सापडली की आधी हुंगायची, मग उजेडासमोर तिरपी धरायची, नखानं कड चाचपायची, आणि चाचींच्या जुन्या ओढणीच्या तुकड्यानं गोल गोल पुसायची. परतीच्या गाडीत जागा मिळालीच तर ती तबकडीला. ती खिडकीशी बसलेली आणि चाचा शेजारी उभे. कंडक्टर विचारायचा, "हिचं तिकीट?" चाचा म्हणायचे, "लहान हाय अजून."

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. म्हणून ते प्रत्येक गाण्याला स्वतः नाव ठेवत. चार-पाच वेळा ऐकायचे, मग खिळे जुळवून बांगडीएवढी गोल चिठ्ठी छापायचे आणि तबकडीच्या मधोमध, तिथल्या इंग्रजी कागदावर, खळीनं चिकटवून टाकायचे. 'सासू आली'. 'बडनेरा पॅसेंजर लेट'. 'आजी निंदाले गेली'. 'दोन बैल, एक आडमुठा'. लावून पाहिलं की नाव पटायचं. त्या दुसऱ्या बैलाचा तर मला राग यायचा.

"पण चाचा, खरं नाव झाकून टाकलं तुम्ही."

"त्याचं त्यानं ठेवलं, माहं मी ठेवलं. वाचता तं आलं पायजे का नाई?"

सगळ्यांत आवडीचं होतं 'घरी कोणीच नाई'. ते लावलं की चाचा जुळणीची ओळ अर्धी सोडून द्यायचे. "पाय, भोंगा दाराशी येते. आवाज देते. थांबते. मंग घराच्या मांगून जाऊन पायते. अंदरून कोणी नाई बोलत." मला ते पाहायला कधी वेळ नव्हता. मी प्रूफ तपासत असायची.

आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पत्र्याखाली तबकड्या टिकेनात. एकेक वाकून परातीसारखी व्हायला लागली. तेव्हा चाचांनी सेलवर चालणारा एक जुना टेपरेकॉर्डर आणला, तारा जोडल्या आणि वाकायच्या आत गाणी कॅसेटांवर भरायला घेतली. तेही भारनियमनाच्या वेळा सांभाळून. मध्येच लाइट गेली की भोंगा हंबरत हंबरत खाली बसायचा, आणि ते तसंच कॅसेटवर राहायचं. भरलेल्या प्रत्येक कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खिट्ट्या ते तोडून टाकत, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मग तिलाही छापील चिठ्ठी लागायची. पुढच्या उन्हाळ्यात 'घरी कोणीच नाई'ची तबकडी वाकली. चाचा म्हणाले, "जाऊ दे. भरून ठेवलं हाय."

ती वर्षं अशी होती की आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या मरणांच्या बातम्या पेपरात पहिल्या पानावरून पाचव्या पानावर सरकल्या होत्या. मी संतापानं पेटलेली होते. एकदा मी चाचांना सरळ म्हणाले, "गावोगाव माणसं जीव देऊन राहिली, आणि तुम्ही अमेरिकेचे भोंगे ऐकता?"

त्यांनी हातातला खिळा खाली ठेवला. "हे फुकणारे काही खात्यापित्या घरचे नव्हते, बेटा. याइच्या बापानंबी कापूसच येचला असन."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आयकू येते."

मी हसले. पुढं तेच एका पुस्तकात वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात आम्ही काही कार्यकर्ते मागं राहिलेल्या बायांची निवेदनं ध्वनिमुद्रित करत होतो. ती अहवालासोबत सरकारला द्यायची होती. सरकारी समिती प्रत्येक मरण मदतीला 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवायची. एका बाईच्या नवऱ्याचं मरण अपात्र ठरलं होतं. रविवारी सकाळी तिच्याकडे जायचं आणि कोऱ्या कॅसेटा संपलेल्या. दुकानं बंद. छापखान्याची एक किल्ली माझ्याकडे असायची. चाचांचा खण उघडला, वरची कॅसेट उचलली, तुटलेल्या खिट्ट्यांच्या भोकांवर डिंकाचा कागद चिकटवला आणि बडनेऱ्याहून गाडी धरली. चिठ्ठी मी वाचली होती: 'घरी कोणीच नाई'. माझ्याकडून चुकून झालं असं मी म्हणणार नाही. एका भोंग्यापेक्षा एका बाईचं दुःख मोठं, असा माझा साधा हिशेब होता. तो हिशेब आजही मला चुकीचा वाटत नाही, आणि तरी.

सोमवारी मी कॅसेट चाचांसमोर ठेवली.

"तुमच्यातली एक घ्यावी लागली."

त्यांनी उलटीपालटी केली. "खिट्ट्या तोडल्या होत्या मी."

"कागद लावला."

"दोनी बाजू?"

"दोन्ही. चाचा, तुम्ही समजून घ्या, ती बाई..."

बोट वर गेलं. त्यांनी कॅसेट टेपमध्ये घातली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही बाजू, स्टुलावर बसून ऐकली. मधल्या वेळात मालक दोनदा डोकावून गेला. मला वाटत होतं, ते गाण्याचा एखादा तुकडा कुठं उरलाय का ते शोधताहेत. संपल्यावर ते उठले आणि माझ्या अहवालाची जुळणी करायला लागले.

तासाभरानं मला हाक आली. "हे नाई जुळवत मी."

मी लिहिलं होतं, 'एवढे सांगून ती माउली ओक्साबोक्शी रडू लागली!!!'

"का बरं?" मी विचारलं.

"रडली कुठं थे? बोलता बोलता सूप पाखडून राहिली. तूर असन. पयल्यापासून एका लयीत आवाज हाय. 'भाकर झाकून ठेवली होती' म्हणते, अन् तिथं सूप थांबते. बस. मंग परत सुरू. तू तं समोर बसली होती ना व?"

मी समोर बसले होते. सूप मला दिसलंही होतं. ऐकू आलं नव्हतं. पुन्हा कॅसेट लावली. सूप थांबतं. एवढी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती.

चाचांनी ओळ बदलली: 'भाकर झाकून ठेवली होती, असे ती म्हणाली आणि तिचे सूप थांबले.' मी म्हणाले, साहेब लोकांना यातून काय कळणार? ते म्हणाले, "आयकतीन तं कळन."

अहवाल गेला, कॅसेटा गेल्या. चार महिन्यांनी 'आवश्यक कार्यवाही पूर्ण' अशा शेऱ्यानं सगळं परत आलं. कॅसेटांच्या पुडक्याची लाख आम्ही लावली तशीच होती, कुणी फोडलीच नव्हती. बाई अपात्र ती अपात्रच राहिली. त्या एका गाण्याच्या बदल्यात मी जे मिळवलं, ते साऱ्या जगात एका माणसानं ऐकलं, आणि तो तोच होता ज्याचं गाणं मी पुसलं. ओरडून लिहायची माझी सवय त्या दिवशी मोडली.

त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मीच म्हणाले, वाकलेली तबकडी तर आहे ना, तिच्या कागदावर खरं नाव असेल. ते घेऊन मुंबईला कुणालातरी विचारू. चाचांचे डोळे चमकले. एका दुपारी आम्ही दोघं त्या परातीवर ओलं फडकं ठेवून बसलो. वरची चिठ्ठी भिजली पाहिजे, खालची नाही. चाचा नखानं कड उचलत होते, जन्मभर केसासारखे बारीक खिळे उचललेल्या बोटांनी. चिठ्ठी उठली. आणि खळ इतकी पक्की होती की खालचा कागदही तिच्याबरोबर लगदा होऊन निघाला. 'घरी कोणीच नाई' आणि त्याचं इंग्रजी नाव, दोन्ही बोटांवर एकत्र आली. तबकडीच्या मधे काळी चकाकती जागा राहिली.

"लय मजबूत खळ करतो मी," चाचा म्हणाले.

मग ते शोधायला निघाले. दोनदा मी सोबत होते, एकदा अचलपूरला, एकदा अकोल्याला. भंगारवाला विचारायचा, "कोणतं पायजे? नाव सांगा." चाचा नाव कुठून सांगणार? ते शिट्टी वाजवायचे. समोरचे दोन दात पडलेले, अर्धी हवा फटीतून जायची. दुकानदार हसायचे, पोरं गोळा व्हायची. एकानं विचारलं, "चाचा, कुत्रं हरवलं का?" ते पण हसले, आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागले. अकोल्यातल्या पाचव्या दुकानात मला जाणवलं की पहिल्या दुकानातली चाल आता राहिली नाही. आठवता आठवता ती बदलत चालली होती. ते त्यांनाही कळलं असावं. परतीच्या गाडीत जागा होती, तरी ते उभेच राहिले.

छापखान्यात संगणक आला. खिळे पोत्यांत भरून वितळवायला गेले. चाचा घरी बसले, मग आजारी पडले. मी भेटायला जायची तेव्हा ते माझं पत्रक हातात घेऊन उद्गारचिन्हं मोजायचे. एकही नसायचं. "आता एखादं तं घाल," ते म्हणाले. ती शेवटची भेट.

मागच्या महिन्यात चाचींनी कॅसेटांचा डबा माझ्याकडे पाठवला. एका दुपारी एकेक लावून बसले. सासू आली, पॅसेंजर लेट झाली, आजी निंदायला गेली. मध्येच लाइट गेली आणि भोंगा हंबरत बसला, तेव्हा मी मोठ्यानं हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी काम बाजूला ठेवून ते ऐकत होते, आणि ते किती चांगलं होतं हे मला कळत होतं.

त्याच आठवड्यात अचलपूरला गेले. भंगारवाल्यानं मला ओळखलं. "ते शिट्टीवाले चाचा आले नाई लय दिवसांत. त्याइच्यासाठी काढून ठेवल्या हायत." चाचा गेले, असं मी सांगितलं. त्यानं आतून तबकड्यांची थप्पी आणून माझ्या हातावर ठेवली. "घेऊन जा. त्याइच्या शिट्टीवरून मले काही समजलं नाई. भोंगा असला की ठेवून देत होतो."

घरी येऊन सगळ्या लावल्या. तीन ठिकाणी मला वाटलं, हेच. तोच दाराशी येणारा आवाज, तीच थांबायची जागा. पण तिन्ही वेगवेगळी आहेत, आणि तिन्हींतलं एकही नसेल, असंही असू शकतं. चाचांनी पहिल्या चार ठोक्यांत सांगितलं असतं. मी आज तिन्ही पुन्हा लावून बसले आहे. ऊन भिंतीवरून उतरून दारापर्यंत आलं आहे, आणि मला ओळखता येत नाही.