सारी-बुलाकला टाकलेलं पहिलं पाऊल
काल आमच्या झुराकान एजेचं चाळिसाव्याचं जेवण झालं. माझी मोठी बहीण, तिला जाऊन चाळीस दिवस झाले. घोडा कापला, माणसं जेवून गेली, आता घर खायला उठतंय म्हणून लिहायला बसले. एक गोष्ट तिनं कुणाला सांगू नको म्हणलेलं, ती सांगते.

तिचा मुलगा तिलेक आणि सून आयझिरेक वेगळे झाले तेव्हा नातू बेकझात रांगत होता. सून माहेरी नारीनला, एजे नि तिलेक इथं कोचकोरला. पोराचं ठरवायला दोन्हीकडची माणसं बसली आणि सगळी एकदम बोलायला लागली. पहिला नातू आजीचाच असतो, असं तिलेकचं म्हणणं.

आयझिरेक म्हणली, "मग आजीनंच जन्माला घालायचा होता."

शेवटी एजेनंच ठरवून टाकलं. एक आठवडा आईकडं, एक बापाकडं. अदलाबदल रविवारी, मधे सारी-बुलाकच्या खानावळीपाशी. कुणी कुणाची पायरी चढायला नको.

बरं चाललेलं. पण पोरगं भिंत धरून उभं राहायला लागलं आणि पंचाईत झाली. पोर चालायला लागलं की पायाला काळ्यापांढऱ्या लोकरीचा दोर बांधायचा, माणसांनी पळत यायचं, पहिला येईल त्यानं दोर कापायचा, मग मेजवानी. ती कुणाच्या अंगणात?

"पहिलं पाऊल जिथं टाकेल तिथं," तिलेक बोलून बसला.

"चालेल," आयझिरेक म्हणली. "पण मी नसताना चालला म्हणून सांगाल, ते मी मानणार नाही. पोराला घेऊन मॉस्कोला बहिणीकडं जाईन, मग बसा." ती नुसती बोलणारी नव्हती.

मग काय. आपल्या आठवड्यात पोराला तळलेल्या कणकेचं बोरसोक दाखवून उभं करायचं आणि पाठवताना दोन-दोन विजारी, वर आजोबांच्या मापाचे जाड लोकरी नमद्याचे बूट, म्हणजे तिकडं पाऊल उचलायला नको. दोन्ही घरं तेच करायची. गाडीतनं पोर उतरायचं नाही, उतरवून ठेवायला लागायचं.

एके दिवशी मी एजेकडं बोरसोक तळत होते. पोरानं भिंत सोडली, सरळ चालत आलं आणि तिचा घागरा धरला. एजेनं आधी दाराकडं बघितलं.

"काय बघितलंस?"

"चालला की."

"नाही बघितलंस."

"अगं एजे, तुझ्याच घरात चालला."

"घर कुठं जात नाही. पोर येईल का परत?"

रविवारपर्यंत आम्ही त्याला आलटून पालटून पाठीला बांधला. तिलेकला सांगितलं, पोराचं पोट दुखतंय. पोर हसतंय, आमच्या पाठी मोडल्या.

रविवारी एजेनं त्याला मधोमध उभं केलं. बूट काढले. इकडं आई उकिडवी, तिकडं बाप. पोरगं दोघांना सोडून कुरुत, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, विकणाऱ्या बाईकडं चालत गेलं.

"अगं बाई, चालला गं," म्हणत एजे डोळे पुसायला लागली. तिला असलं सोंग जमतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मग खिशातनं दोर काढला.

आयझिरेकनं दोराकडं बघितलं. "आई, हा बरोबर कसा?"

"म्हातारीच्या खिशात काय नसतं?"

सगळी पळाली. खानावळवाला पळाला, तिलेक नि आयझिरेक एकमेकांना कोपरं मारत पळाले, एजेसुद्धा गुडघे धरून. आणि दोर कापला एका ट्रकवाल्यानं. तो चहा प्यायला थांबलेला. कापणाऱ्याचा गुण पोरात उतरतो म्हणतात. बेकझात आता पाच वर्षांचा झालाय आणि मोठं होऊन ट्रक चालवणार म्हणतो. मेजवानी तिथंच झाली, लगमानची, रस्स्यातल्या जाड शेवयांची.

निघताना आयझिरेक म्हणली, "आई, पुढच्या रविवारी जरा लवकर या. थंडी पडतीय."

काल ती माझ्याशेजारी भांडी घासत होती. मधेच म्हणली, "मावशी, त्या दिवशी पोर एकदाही पडलं नाही. पहिल्यांदा चालणारं पोर असं चालतं होय? मला तेव्हाच कळलेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"एवढं करून कुणी माझ्या पोराला माझ्याकडं सोडत असेल तर मी मॉस्कोला कशाला जाऊ?"

आणि पातेलं घासत राहिली. मीही रडत घासत राहिले.

उद्या रविवार. पोराला सारी-बुलाकला मी नेणार. तिलेकला अजून यातलं काही माहीत नाही. तो वाचत नाही काही, कुणी वाचून दाखवू नका.