वाल्मिक बडेकरांचा कुठला फोटो लावायचा

आमच्या भिसेगावात हर्षला बडेकर साड्यांना फॉल-पिको करून देते. बाजारपेठेतल्या दोन दुकानांच्या साड्या तिच्याकडे येतात. तिचा नवरा वाल्मिक साजगावच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं ऑपरेटर होता. अंगानं भरलेला, मिशी राखलेला, आवाज खणखणीत. कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून त्याला पार कशेळ्यापासून बोलावणं यायचं.

तीन वर्षांपूर्वी चौक फाट्याजवळ त्याची मोटारसायकल घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. जीव वाचला, पण माणूस गेला म्हणायचा. उजवी पापणी अर्धी खाली आली. कपाळापासून कानापर्यंत टाक्यांची रेघ उमटली. मिशी तो स्वतःच उपटायला लागला, म्हणून हर्षला ती काढून टाकू लागली. वजन निम्म्यावर आलं. कधी तो तिला ओळखायचा, कधी "बाई, पाणी द्या" म्हणायचा. एकटा बाहेर पडू नये म्हणून ती कुठं जाताना दाराला बाहेरून कडी लावायची.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. गुरुवारी दुपारी तिला दुकानात साड्या पोचवायच्या होत्या. ती निघताना वाल्मिक म्हणाला, "कडी नको लावू गं. जीव घुसमटतो." कितीतरी दिवसांनी त्यानं तिला गं म्हटलं होतं. तिला कडी लावणं जमलं नाही. ती पाऊण तासात परत आली, तेव्हा दार सताड उघडं होतं आणि वाल्मिकच्या चपला दारातच होत्या.

संध्याकाळपर्यंत सगळं भिसेगाव फिरून झालं. स्टेशन, एसटी स्टँड, नदीकाठ. वाल्मिकचा धाकटा भाऊ रोहिदास मोटारसायकल घेऊन पळसदरीपर्यंत जाऊन आला. पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तिथं हवालदारानं फोटो मागितला, तेव्हा हर्षलाच्या लक्षात आलं की अपघातानंतर घरात नवऱ्याचा फोटोच काढलेला नाही. रोहिदासनंच तसं बजावलं होतं. "दादाला असं कुणी बघायला नको," तो म्हणायचा. लग्नसमारंभात फोटो काढायची वेळ आली की वाल्मिकला हळूच मागं नेऊन बसवलं जायचं.

मुलगी समीक्षा बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिनं त्याच दिवशी फेसबुकवर "वाल्मिक बडेकर हरवले आहेत" या नावानं खातं उघडलं. आधी तिनं चुलत भावाच्या लग्नातला तिघांचा जुना फोटो लावला. पण खात्याच्या त्या छोट्याशा गोलात तिघांची तोंडं हरभऱ्याएवढी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी रोहिदास एक फोटो घेऊन आला. तालुक्याच्या सामन्यांतला, गळ्यात शिट्टी, पांढरा शर्ट, मिशीला पीळ. स्टेशनजवळच्या स्टुडिओतून त्यानं तो साफ करून आणला होता. फोटोवाल्यानं मागची गर्दी काढून निळा रंग भरला होता, चेहराही थोडा उजळ केला होता.

"हा लाव," रोहिदास पुतणीला म्हणाला. "दादा कसा रुबाबदार होता ते तरी लोकांना कळू दे."

समीक्षानं आईकडं पाहिलं. हर्षला फोटोकडं बघत राहिली. तीन वर्षांत तिनं हा माणूस पाहिला नव्हता. तिला रडू आलं, आणि त्या रडण्यातच ती हो म्हणाली.

फोटो पसरला. कर्जत, खालापूर, पनवेल, सगळ्या ग्रुपांवर गेला. चार दिवसांत हजारावर लोकांनी तो पुढं पाठवला. हर्षलानं शिवण बंद केलं. मोबाईल हातात धरून ती दारात बसायची. कुणी नुसतं "मिळाले का?" विचारायला फोन केला, तरी ती ताडकन उठायची. जेवायला बसली तर घास हातात घेऊन विचारायची, "त्यांनी काय खाल्लं असंल गं?"

वाल्मिक सवयीनं जुन्या कारखान्याकडं गेला असेल, हे सगळ्यांच्या आधी हर्षलाच्याच मनात आलं होतं. तिसऱ्याच दिवशी ती दिराबरोबर साजगावला गेली. कारखाना दुसऱ्या मालकाकडं गेलेला, ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. गेटवरच्या वॉचमननं मोबाईलमधला फोटो नीट बघितला. पुन्हा मोठा करून बघितला.

"नाय हो. असा माणूस इकडं नाय आला," तो म्हणाला. "आला असता तर ध्यानात राह्यला असता."

तिनं आजूबाजूच्या दोन हॉटेलांत फोटो दाखवला. कुणीच ओळखलं नाही. मग ते मागं फिरले.

पंधराव्या दिवशी नेरळहून फोन आला. बाजारात हुबेहूब फोटोतला माणूस आहे, लवकर या. हर्षला पायात चप्पल अडकवून तशीच पळाली. रिक्षात समीक्षा तिचा हात दाबून बसली होती. बाजारात फोन करणारा माणूस त्यांना एका भाजीवाल्याच्या गाडीपाशी घेऊन गेला. तिथं एकजण गोणी उतरवत होता. पिळाची मिशी, भरलेले खांदे, उजळ चेहरा. तो वळला आणि हर्षलाच्या तोंडून "अहो" निघून गेलं.

तो दुसराच कुणी होता. "काय झालंय बाई?" त्यानं विचारलं. "कालपासून दोघंजण माझा फोटो काढून गेले."

हर्षला तिथंच गोण्यांवर बसली. तो माणूस खरंच फोटोसारखा होता. वाल्मिक आता जेवढा त्या फोटोसारखा दिसत होता, त्याहून किती तरी जास्त हा दिसत होता. हजार लोक डोळे उघडे ठेवून या माणसाला शोधत होते. तिच्या नवऱ्याला कुणीच शोधत नव्हतं.

परत येताना तिनं समीक्षाला विचारलं, "तुझ्याकडं त्यांचा आत्ताचा एकपण फोटो नाय?"

समीक्षा म्हणाली, "एक हाय. काकाला सांगू नको." उन्हाळ्यात डॉक्टरांनी पापणी कशी दिसते ते पाहायला फोटो मागवला होता. तिनं तो काढून पाठवला होता आणि मग मोबाईलमधून पुसून टाकला होता. डॉक्टरांच्या चॅटमध्ये तो अजून होता.

घरी आल्यावर दोघींनी तो उघडला. खिडकीतून समोरून उजेड पडलेला. बारीक कापलेले पांढरे केस, कपाळावरची टाक्यांची रेघ, एक डोळा उघडा, एक अर्धा मिटलेला. तोंड थोडं वासलेलं, खालच्या ओठावर लाळ. फोटोत नुसता चेहराच होता, त्यामुळं गोलात तो पुरा भरला.

रोहिदासला कळलं तसा तो धावत आला. "वहिनी, डोकं फिरलं काय तुमचं? सगळा तालुका बघंल. समीक्षाला खोपोलीचं स्थळ आलंय, ती लोकं काय म्हणतील?"

"भाऊजी, आपण त्यांना शोधतोय का त्यांचा सत्कार करतोय?"

"मी भाऊ हाय त्याचा. मला वाईट वाटत नाय काय?"

"वाटतं, म्हणूनच तुमी तो फोटो आणला. मी पण म्हणूनच हो म्हटलं." तिनं मोबाईल पुढं केला. "पण तो माणूस आपल्या घरातनं गेलेलाच नाय. गेलाय तो हा."

रोहिदासनं मोबाईलकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. समीक्षानं कुणाला न विचारता बोट दाबलं. फोटो बदलला. खाली तिनं लिहिलं, "माझे बाबा आता असे दिसतात. कपाळावर खूण आहे. नाव विचारलं तर कधी सांगतात, कधी नाही."

तो दिवस फार वाईट गेला. कुणी लिहिलं, "बेवडा दिसतोय." कुणी हसण्याचं चिन्ह टाकलं. एका नात्यातल्या बाईनं फोन करून सुनावलं की आजारी माणसाची अशी विटंबना करतात का. खोपोलीच्या पाहुण्यांनी दुपारपासून फोन उचलणं बंद केलं, आणि नंतरही कधी उचलला नाही. हर्षला प्रत्येक शब्द वाचायची. तिला सारखं वाटत होतं, आपण नवऱ्याला भर चौकात उघडा केला. संध्याकाळी ती म्हणाली, "काढून टाक गं तो. मला नाय बघवत." समीक्षानं मोबाईल उशीखाली लपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला.

"ताई, मी साजगाववरनं झहीर बोलतोय. माझं टायर पंक्चरचं दुकान हाय. हा फोटोतला मामा तर माझ्या दुकानासमोर बसायचा."

समीक्षानं आईच्या हातातून फोन घेतला. "बसायचा म्हणजे?"

"चार दिवस झाले, दिसला नाय. तुमी या."

दुकान कारखान्याच्या मागच्या गेटासमोर होतं. ते गेट कधीच बंद झालं होतं, पण वाल्मिक एकोणीस वर्षं तिथूनच आत जात असे. झहीर तिशीतला, हात काळे. त्यानं हर्षलाला स्टूल दिलं आणि तो उभाच राहिला.

"दहा-बारा दिवस हितंच होता मामा. सकाळी येऊन गेटाकडं तोंड करून बसायचा. पाय अनवाणी, एक अंगठा सुजलेला. मी चहा-पाव द्यायचो. नाव विचारलं तर म्हणायचा, पाळी सुटली की सांगतो." तो थांबला. मग त्यानं खिशातून मोबाईल काढून तिच्यासमोर धरला. शिट्टीवाला फोटो होता, त्यानंच पुढं पाठवलेला. "ताई, हा मीच शेअर केला होता. देवाशप्पथ सांगतो, तवा मामा माझ्या समोर बसला होता."

हर्षलानं डोकं दोन्ही हातांत धरलं. झहीर काय करावं न कळून पाण्याची बाटली घेऊन आला. पुढच्या गेटवरचा वॉचमनही आला. त्यानं नवा फोटो पाहिला आणि हात जोडले.

मग झहीरनं दुकानाचं शटर ओढलं आणि हर्षलाला घेऊन निघाला. जुन्या रस्त्यावरचे ढाबे, ट्रक उभे राहतात त्या जागा, सगळीकडं तो फोटो दाखवत गेला. लोक आता लगेच सांगत होते. हा इकडनं गेला. लंगडत होता. हितं झोपला होता. जिकडं तिकडं वाल्मिक होता, आणि जिथं जावं तिथून एक-दोन दिवसांपूर्वीच पुढं गेलेला. हर्षलाला ते ऐकवेना. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी झहीरच्या ओळखीच्या एका रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं फोटो ओळखला. रस्त्याच्या कडेला तापानं फणफणलेला एक माणूस त्यानं सरकारी रुग्णालयात पोचवला होता. तिथं त्याची नोंद अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ, अशी झाली होती. वाल्मिक सत्तेचाळीसचा होता.

पायात विष भिनलं होतं. डाव्या पायाची तीन बोटं कापावी लागली होती. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर वाचली असती. हर्षलानं मनातल्या मनात दिवस मोजले. साजगावच्या गेटवर ती पहिल्यांदा उभी राहिली, त्याला तोवर सतरा दिवस झाले होते.

ती खाटेपाशी गेली. वाल्मिकनं तिच्याकडं पाहिलं.

"पाळी सुटली काय, बाई?"

"सुटली," ती म्हणाली. "चला घरी."

रोहिदास दाराशी उभा होता. तो पुढं आला नाही. भिंतीला टेकून खाली बसला आणि हमसून हमसून रडला. नंतर महिनाभर भावाचं ड्रेसिंग त्यानंच केलं.

वाल्मिक आता घरी आहे. त्याला धरल्याशिवाय चालता येत नाही, आणि बोलतो तो फार कमी. समीक्षा कॉलेज संपवून बँकेच्या परीक्षा देते आहे. तिनं ते खातं बंद केलं नाही, कारण त्यावर दुसऱ्यांचे निरोप यायला लागले. कुणाची सासू, कुणाचा मुलगा. बहुतेक जण लग्नातले नाहीतर स्टुडिओतले फोटो पाठवतात. हर्षला शिवणाचं मशीन थांबवून प्रत्येकाला फोन करते. घरातनं गेला तेव्हा कसा दिसत होता? दाढी होती? दात पडलेला? तो फोटो धाडा. लोक चिडतात, काही फोन ठेवून देतात. वर्षभरात अकरा जणांनी विचारलं. त्यातल्या दोघांची माणसं सापडली.

मागच्या महिन्यात कशेळ्याच्या वरच्या वाडीतून जनी नावाची बाई जीपनं आली. तिचा मुलगा हिरू वीटभट्टीच्या कामाला गेला तो परतलाच नाही. तिच्याकडं फोटो नव्हता. आधार कार्डाच्या झेरॉक्सवर चेहऱ्याच्या जागी नुसता काळा चौकोन होता. समीक्षानं वाडीतल्या दोन-चार पोरांचे नंबर घेतले, आणि त्यांच्यातल्या एकाच्या मोबाईलमध्ये हळदीतल्या नाचाचा व्हिडिओ निघाला. मागच्या रांगेत एक मुलगा क्षणभर वळून हसतो. जनीनं पडद्यावर बोट ठेवलं तसा व्हिडिओ थांबला. तिनं घाबरून बोट काढलं आणि तो पुन्हा पुढं गेला.

"मागं घे गं," ती म्हणाली. "मागं घे. तो हिरू."

समीक्षानं तो क्षण पकडून चेहरा कापून घेतला. धूसर आला, पण नाक, कपाळ आणि हसणं कळत होतं. तो लावून पाच आठवडे झाले. फोन आलेला नाही. कशेळ्याच्या बाजाराला उतरली की जनी तिथल्या दुकानातून हर्षलाला फोन लावते, आणि हर्षला तिला नाही म्हणून सांगते.